दोन नवम्यांच्या मधले पंधरा दिवस

भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा लागला की चिखलीतल्या आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत एकाएकी पिकतं. कालपर्यंत ते गुडघाभर, हिरवं आणि ओलं असतं. एका सकाळी खिडकी उघडावी तर टोकांना तांबूस तुरे आलेले असतात. ऊनही बदललेलं असतं. दोरीवरचे कपडे दोन तासांत वाळतात, पण घडी घालताना नाकाशी धरले तर आत कुठेतरी दमट वास असतोच. पावसानं जायचं ठरवलेलं आहे, पण सामान अजून उचललेलं नाही, असे हे दिवस. समोरच्या वर्कशॉपांच्या पत्र्यांवरून दुपारी वाफ निघते. प्रत्येक गच्चीवर बाराच्या सुमाराला कोणी ना कोणी पान घेऊन उभं असतं आणि पाण्याच्या टाकीकडे बघत कावळ्यांना हाका मारत असतं. वर्षभर ज्यांची कोणी दखल घेत नाही ते कावळे या पंधरा दिवसांत इतके जेवतात, की अमावास्येपर्यंत त्यांना खीरसुद्धा नकोशी होते.

पूर्वी मला हे दिवस आवडायचे. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. या दिवसांत मुलं फारशी फिरकत नाहीत, वाचनकक्षात पंख्यांचा आवाज तेवढा असतो, आणि पावसाळाभर दमट झालेली पुस्तकं उन्हाच्या पट्ट्यात उभी करून ठेवता येतात. पण गेल्या वर्षीपासून या ऋतूच्या माझ्यासाठी फक्त दोन तारखा झाल्या आहेत. नवरा जिवंत असताना जी बाई जाते तिचं पितृपंधरवड्यातलं पान नवमीला वाढतात. ती अविधवा नवमी. आमची मावशी तिला अहेवनवमी म्हणते. तिच्यानंतर बरोबर पंधरा दिवसांनी दुसरी नवमी येते, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची खंडेनवमी. त्या दिवशी भोसरीपासून चाकणपर्यंतची यंत्रं धुऊन पुसून थांबवलेली असतात आणि त्यांच्यावर झेंडू वाहिलेला असतो. पहिली नवमी आईची आणि दुसरी अप्पांची, अशी वाटणी माझ्या मनात झाली आहे. आणि ती वाटणी झाली याचाच मला राग आहे.

आईचं वर्षश्राद्ध झाल्यानंतरचा पहिला पितृपंधरवडा गेल्या वर्षीचा. श्राद्ध मुलीनं करावं की नाही यावर आमच्या घरात वाद झाला नाही, कारण वाद घालायला कोणी उरलंच नव्हतं. मी एकटीच. प्रश्न होता तो तिथीचा. माझी दहावीची परीक्षा तोंडावर असताना अप्पा घरातून गेले, त्याला बावीस वर्षं झाली होती. ते आहेत की नाहीत हेच मला माहीत नव्हतं, मग आईला अहेव कसं म्हणायचं? म्हणून मी बार्शीला कमलमावशीला फोन केला. ती आईची धाकटी बहीण. बोलता बोलता ती शेंगा फोडत होती. टरफलं मोडल्याचा आवाज फोनमधून येत होता.

"मावशी, आईचं पान कधी वाढू? ती गेली ती तिथी धरू, की नवमी?"

"नवमीच की गं. अहेव गेली न्हवं ती."

"पण अप्पांचं काय झालं ते कुठं माहीत आहे आपल्याला?"

"आगं, त्यो हाय की कुरुळीला," मावशी म्हणाली, आणि टरफलांचा आवाज थांबला.

बाहेर गच्चीवर कोणीतरी 'काव काव' करत होतं.

"कोणत्या कुरुळीला?"

"तुमच्या चाकणच्या वाटंवरल्या."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुजी बारावी हुती बग तवा. तुज्या आईनं शपथ घातली, पोरीची परीक्षा हुस्तवर तोंडातून काडू नगंस म्हणून."

"मावशी, माझी बारावी होऊन वीस वर्षं झाली."

"व्हय गं," ती म्हणाली. "मग तुजं कालेज लागलं, मग नोकरी. ऱ्हाऊनच गेलं बग."

राहूनच गेलं. नळाचा वायसर बदलायचा राहून जातो, कोणाला लग्नाची पत्रिका द्यायची राहून जाते. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे बघत बसले. त्यावर आईच्या हातच्या खुणा नव्हत्या, पण त्याच्या आधीच्या कॅलेंडरांवर असायच्या: सिलिंडर लावला तो दिवस, दूध नको तो दिवस. इतक्या खुणा करणाऱ्या बाईनं ही एक खूण केली नव्हती.

मग मला हिरवी साडी आठवली. आई गेली त्या दिवशी शेजारच्या बायका दारात घुटमळत होत्या. कोणती साडी नेसवायची, कुंकू लावायचं की नाही, विचारायचं कसं? मावशी एसटीतून उतरून तडक आली होती. पिशवीही खाली न ठेवता ती म्हणाली, "हिरवंच नेसवायचं. कुक्कू भरून लावा." तेव्हा मला वाटलं होतं की ही निष्ठा आहे, जुन्या बायकांची ती आंधळी निष्ठा, जिचा मी पुस्तकातून राग करायला शिकले होते आणि त्या दिवशी जिच्यापुढे मी मान खाली घातली होती. आईच्या कपाळावरच्या त्या मोठ्या कुंकवाकडे बघून मी रडले होते, की बाई गं, अजून वाट बघत होतीस. गेल्या वर्षी मला कळलं, की त्यात श्रद्धेचा काही भाग नव्हता. ती नुसती माहिती होती. खोलीतल्या सगळ्यांत एकटी मीच अडाणी होते.

शोक करणाऱ्या माणसाला निदान शोक तरी सरळ मिळावा. मला तोही मिळाला नाही. आईची आठवण आली की पाठोपाठ आता एक प्रश्न यायचा आणि आठवणीवर येऊन बसायचा. चाकणच्या एका महाविद्यालयात मी चार वर्षं परीक्षेच्या कामाला जात होते. बस कुरुळीवरून जायची. घरी आल्यावर आई विचारायची, "रस्त्याला गर्दी होती का गं?" मी म्हणायचे, कुरुळीपाशी फार होती. ती "हं" म्हणायची आणि पोळी लाटत राहायची. त्या "हं"चा अर्थ आता कोणाला विचारू?

आमच्या कपाटात एक लाकडी पेटी आहे, वीतभर लांब, आतून जांभळी मखमल लावलेली. तिच्यात अप्पांचा व्हर्नियर आहे. धातूच्या तुकड्याची जाडी केसाएवढ्या फरकानं मोजायचं ते स्टीलचं हत्यार. अप्पा चिंचवडच्या एका कारखान्यात प्रेस-शॉपला, पत्रा दाबून भाग कापायच्या खात्यात, होते. हत्यारं कंपनीची मिळायची, पण हे त्यांचं स्वतःचं होतं. कारखाना बंद पडल्यावर ते सात महिने घरी बसून होते. तेव्हा आम्ही रहाटणीला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. त्या सात महिन्यांत त्यांनी घरातल्या सगळ्या वस्तू मोजल्या. चमच्याची जाडी, माझ्या पेन्सिलीची, आईच्या बांगडीची. "ही बांगडी गोल नाही," असं ते आईला सांगायचे आणि आई म्हणायची, "हात तरी कुठं गोल राहिलाय." मग एका सकाळी ते गेले आणि व्हर्नियर ठेवून गेले. आई पुढं कित्येक वर्षं एवढंच म्हणायची, की हत्यार ठेवून गेलेला माणूस आहे. वाक्य ती पूर्ण करायची नाही.

दर खंडेनवमीला ती पेटी बाहेर काढायची. जुन्या मलमलच्या तुकड्यानं व्हर्नियर पुसायची, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब बोटावर घेऊन त्याच्या पट्टीवरून फिरवायची, पाटावर ठेवून हळदकुंकू आणि झेंडूचं एक फूल वाहायची. मी पुस्तकं मांडायचे, ती व्हर्नियर मांडायची. पुस्तकांचा वास आणि तेलाचा वास एकत्र येऊन जो तिसरा वास व्हायचा, तो माझ्यासाठी दसऱ्याचा वास आहे.

षष्ठीच्या दिवशी मी कुरुळीला गेले. मोशीला बस बदलायची, पन्नास मिनिटं लागतात. वाटेत मी मनात प्रश्न घासूनपुसून ठेवत होते. बावीस वर्षांत ते इतके साठले होते की त्यातला एकच निवडायचा असं मी ठरवलं होतं. का गेलात, एवढाच. आणि मागायचं तेही एकच: नवमीला या. आईच्या पानासमोर एकदा बसा. तुम्ही जिवंत आहात म्हणून तो दिवस तिला मिळाला आहे. तर निदान त्या दिवशी तरी जिवंत दिसा.

मावशीनं दिलेल्या पत्त्यावर पत्र्याची एक लांबट शेड होती. आत तीन प्रेस चालू होत्या. दर सेकंदाला पायाखालची जमीन ठेचली जात होती, आणि तो धक्का दातांत जाणवत होता. मालक रफीकभाई बाहेर आले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला.

"तुम्ही काकांच्या वैजू ना?" ते म्हणाले. "चेहरा तोच आहे. ताई, जरा मोठ्यानं बोलावं लागेल हां. त्यांचे दोन्ही कान गेलेत. चाळीस वर्षं प्रेसवर म्हणजे काय राव, लोखंडाचेपण कान गेले असते."

अप्पा टेबलाशी बसून पत्र्याच्या पट्ट्यांची जाडी मोजत होते. एक उचलायची, मोजायची, डावीकडे किंवा उजवीकडे टाकायची. केस पूर्ण पांढरे झाले होते. मान तशीच, थोडी उजवीकडे कललेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातली पट्टी मोजून पूर्ण केली, उजवीकडे टाकली, कॉटन वेस्टनं हात पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बस. जेवलीस?"

माझा आवाज मुळातच बारीक आहे. नोकरीनं तो आणखी बारीक केला. दिवसभर मी लोकांना हळू बोला म्हणून सांगत असते. आणि आयुष्यातला सगळ्यात खासगी प्रश्न मला तीन प्रेसच्या वर जाईल एवढ्या मोठ्यानं विचारायचा होता.

"तुम्ही का गेलात?"

"आँ?"

"का गेलात म्हणते मी! घर सोडून!"

पलीकडच्या प्रेसवरच्या दोघांनी माना वळवल्या. अप्पांनी कानामागे हात धरला. मी पर्समधून ग्रंथालयाची एक चिठ्ठी काढली, तिच्या मागच्या बाजूला दोन शब्द लिहिले आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती चष्मा वरखाली करत वाचली. मग नीट चौघडी घालून खिशात ठेवली, पेनाच्या मागे, जशी कामाची चिठ्ठी ठेवतात. आणि पुढची पट्टी उचलली.

एवढ्या रागाचा मला अनुभव नव्हता. मला वाटत आलं होतं की ते रडतील, किंवा खोटं बोलतील, किंवा उठून निघून जातील. तिन्हींसाठी माझ्याकडे काही ना काही होतं. प्रश्न खिशात ठेवणाऱ्या माणसासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं.

रफीकभाईंनीच आम्हाला चहाला बाहेर पाठवलं. हमरस्त्याच्या कडेला टपरी होती. गाड्यांचे सांगाडे लादलेले लांबच लांब ट्रेलर सावकाश वळत होते. अप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि कोणी मध्येच थांबवलेलं बोलणं पुढे चालू करावं तसं म्हणाले, "परमनंट झालो की येणार होतो."

"काय?"

"तुझी आई म्हणाली होती. कायमचं काम मिळाल्याशिवाय या घरात पाय ठेवायचा नाही."

"रागात म्हणाली असेल ना!" मी ओरडले. टपरीवाल्यानं गॅस बारीक केला.

"असेल," अप्पा म्हणाले. "पण म्हणाली होती."

"मग?"

"मग झालोच नाही परमनंट. सात महिने झाले की ब्रेक देतात. परत दुसऱ्या गेटवर उभं राहायचं. कुठंच झालो नाही." त्यांनी बशी खाली ठेवली. "इथं पण लेबर म्हणूनच आहे. रफीकभाई चांगला माणूस आहे, पण त्याचंच परमनंट नाही, मला काय करणार तो."

ते हे सगळं बस चुकल्याची हकीकत सांगावी तसं सांगत होते. मी विचारलं, ओरडूनच विचारलं, की आई कधी आली होती का. एकदा, ते म्हणाले. रस्त्याच्या पलीकडून बघून गेली. रफीकभाईंनी पाहिलं, त्यांनी नाही. मला तिथंच उठून जावंसं वाटलं. एक माणूस कुरुळीत बसून एका वाक्याचा मान राखत होता आणि एक बाई चिखलीत बसून त्याच्या हत्याराला तेल घालत होती. दोघांनी मिळून वीस वर्षं त्या एका वाक्याची राखण केली. मध्ये मी वाढत होते. परीक्षा देत होते. मला कोणी काही विचारलं नाही, कारण माझी परीक्षा होती.

निघताना रफीकभाई माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आले. "ताई, तुमच्या आई गेल्या तेव्हा बार्शीहून फोन आला होता माझ्याकडे. मीच सांगितलं काकांना. दोन दिवस खोलीतच बसून होते. जेवले नाहीत." त्यांना वाटलं मला बरं वाटेल. त्या दोन दिवसांत कुरुळीहून चिखलीला यायला किती वेळ लागतो हे मी विचारलं नाही. मी नुकतीच त्याच रस्त्यानं आले होते.

नवमीचं मी अप्पांना तीनदा सांगितलं होतं. तारीख लिहून दिली होती, वेळ आणि चिखलीचा पत्ताही. त्यांनी मान हलवली होती.

नवमीला मी पहाटे उठले. खीर, अळूवडी, लाल भोपळ्याची भाजी, गवार, कढी, घारगे, आमसुलाची चटणी. आईला घारगे आवडायचे. शेजारच्या सुनंदाला सवाष्ण म्हणून बोलावलं होतं. ती बीडकडची, तिचा नवरा चाकणला कंपनीत. तिनं हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. आईच्या फोटोसमोर एक पान मांडलं, सुनंदासाठी एक, आणि तिसरं अप्पांसाठी. साडेबारा झाले. पाऊण वाजला. गच्चीवर ठेवलेल्या घासाला कावळा एकदाचा शिवला. इतक्या लगेच शिवला की मला त्याचाही राग आला. आई, थोडी तरी अडून बसायचंस.

दीड वाजता सुनंदा म्हणाली, "ताई, जेवू का? म्हंजे, तुमी म्हणाल तसं. पर ह्यांची दुसरी शिफ्ट आहे, डबा भरायचाय."

मी तिला वाढलं. तिची ओटी भरली. तिसऱ्या पानावरची खीर संध्याकाळपर्यंत साय धरून बसली होती.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. घट बसले. इमारतीखाली लाउडस्पीकर लागला. ग्रंथालयात एक मुलगी रोज ठरलेल्या रंगाची साडी नेसून यायची आणि एकच पुस्तक उघडून बसायची. खेडकडून झेंडूचे टेम्पो यायला लागले. सिग्नलला टेम्पो शेजारी उभा राहिला की बसमध्ये तो कडवट, हिरवा वास शिरायचा. रस्त्यात ठिकठिकाणी लोक यंत्रं धूत होते. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचे सेट, फूटपाथवर आणून रॉकेलनं पुसलेले. वर्षभर काळ्या तेलात बुडालेल्या वस्तू अशा न्हाऊन उन्हात बसल्या, की त्या कोणाच्या तरी घरच्या वाटतात.

खंडेनवमीच्या सकाळी दहा वाजता बेल वाजली. दारात अप्पा होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले, हातात पेढ्यांचा पुडा आणि झेंडूच्या चार फुलांची पिशवी.

"आज शेड बंद," ते म्हणाले. "पूजा सकाळीच उरकली."

"नवमीला बोलावलं होतं!" माझा आवाज जिन्यात घुमला.

"आँ? हां. त्या दिवशी माल जायचा होता." आणि मग, आत येता येता, "व्हर्नियर आहे का अजून?"

ते आईच्या फोटोसमोर क्षणभर उभे राहिले. हात जोडले नाहीत. फोटोची चौकट एका बाजूला अंगठाभर खाली होती, ती त्यांनी सरळ केली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. बावीस वर्षांचं नको, एक शब्द. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, त्या एका शब्दासाठी अंग चोरून. ते वळून खुर्चीवर बसले आणि पेटीची वाट बघू लागले.

आई गेल्यानंतर मी पेटी उघडलीच नव्हती. कपाटातून काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झाकण उघडलं. व्हर्नियर बोटांच्या टोकांनी उचलला, जबडे मिटवले, खिडकीकडे धरून उजेड येतो का ते पाहिलं.

"झिरो बरोबर आहे," ते म्हणाले. मग पट्टीवरून बोट फिरवून ते नाकाशी नेलं. "तेल कोण लावतं?"

"आई लावायची. दर खंडेनवमीला."

त्यांना ऐकू गेलं की ओठांवरून कळलं, माहीत नाही. ते पट्टी पुढंमागं सरकवत राहिले. ती आवाज न करता सरकत होती.

"चांगलं लावलंय," ते म्हणाले. "कुठं गंज नाही."

आईबद्दल त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं आणि आजपर्यंतचं शेवटचं वाक्य. मी त्यावर किती महिने काढले आहेत ते मलाच ठाऊक. कधी ते मला अपमान वाटतं, आणि कधी वाटतं की या माणसाजवळ यापेक्षा मोठा शब्द नाही. मापात बसेल किंवा बसणार नाही, गंज आहे किंवा गंज नाही, एवढंच त्यांना येतं. पण तेव्हा विचार करायला वेळ मिळाला नाही, कारण पुढच्याच श्वासाला ते म्हणाले, "घेऊन जाऊ का? तिकडं डिजिटल आहे, त्याचा सेल सारखा संपतो."

"नाही."

मी हे किती मोठ्यानं म्हणाले ते मला समोरचं दार उघडल्याच्या आवाजावरून कळलं. सुनंदा डोकावून गेली. अप्पांनी कानामागे हात नेला नाही. 'आँ' म्हणाले नाहीत. एका फटक्यात त्यांना ऐकू गेलं होतं.

"तो आईचा आहे," मी म्हणाले. "तो इथं राहील. तुम्ही आधी तिच्या नवमीला या. तिच्या. मग बघू."

"ती कधी असते?"

"पुढच्या भाद्रपदात."

"बरं," ते म्हणाले. खिशातून रुमाल काढून, जिथं जिथं त्यांची बोटं लागली होती ती जागा पुसली, कारण घामाचा हात लागला की स्टीलला गंज धरतो. पेटी मिटवून दोन्ही हातांनी मला परत दिली. वर एक झेंडूचं फूल ठेवलं. चहा घेतला नाही. पेढ्यांचा पुडा टेबलावर राहिला.

आज अष्टमी. प्लॉटवरच्या गवताला पुन्हा तुरे आले आहेत. सुनंदाला आमंत्रण दिलं आहे, अळूची पानं आणून ठेवली आहेत. दुपारी मी वाचनकक्षात होते, तेव्हा फोन थरथरला. रफीकभाई. मी फोन घेऊन मागच्या कपाटांमध्ये गेले, जिथं जुने बांधीव अंक असतात आणि कोणी येत नाही.

"ताई, काका विचारतायत, उद्या साडेतीनला शिफ्ट सुटली की आलं तर चालेल का? पाचपर्यंत पोचतील."

मला रहाटणीची दुपार आठवली. अप्पांची पहिली पाळी असायची तेव्हा आई चार वाजेपर्यंत जेवायची नाही. भूक लागली की पाणी प्यायची. मी शाळेतून येऊन जेवून पुन्हा खेळायला जायचे, तरी तिचं ताट पालथंच असायचं.

"नाही चालणार," मी म्हणाले. "पान साडेबाराला वाढणार. त्यांना सांगा, आई आता थांबणार नाही."

पलीकडे प्रेस चालू होत्या. रफीकभाई ओरडून काहीतरी सांगत होते. मग अप्पांचा आवाज आला, शब्द कळले नाहीत. मग पुन्हा प्रेस. मी कपाटाला टेकून उभी राहिले. हा एवढा वेळ एका माणसाला किती वाजता जेवायला यायचं हे ठरवायला लागतो, आणि मी चाळिशीच्या दारात उभी असलेली बाई श्वास धरून त्याची वाट बघते, याचा मला अजूनही संताप येत होता.

"ताई?" रफीकभाई पुन्हा आले. "काका म्हणतात, हाफ डे टाकतो."

हाफ डे. पूर्ण दिवस नाही.

"बरं," मी म्हणाले. "साडेबारा."

मग घरी आले, आणि तांदूळ निवडताना तिसऱ्या पानाचे धरले.